चिंचोक्यांवरची चार अक्षरं

शेटे सरांना कँटीनचा चहा दिला की ते आधी कप उचलून बशी बघायचे, मग कपाचा कान, मग कपाचा तळ. एक घोट घ्यायचे, थांबायचे आणि कँटीनवाल्या महादूला विचारायचे, "दूध आजचं हाय का?"

"आजचंच हाय सर."

"कशावरनं?"

"म्हशीला इचारा."

हे रोज. मी त्या कॉलेजात पाच वर्षं होते आणि पाचही वर्षं हे बोलणं जसंच्या तसं ऐकलं. महादूच्या उत्तरानं सरांचं समाधान व्हायचं नाही, पण विचारून झालं की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं आणि ते चहा संपवायचे. पोरं त्यांना पाठीमागे शंकासूर म्हणायची. सरांच्या कानावर ते आलं होतं. एकदा मला म्हणाले, "म्हनतात म्हनं मला. तुमी सोता ऐकलंय का कुनाच्या तोंडून?" मी आपलं नाही म्हटलं. "मंग पक्कं न्हाई," ते म्हणाले.

प्राध्यापक शिवहार शेटे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. उंचीनं बेताचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक लिहायला, दुसरं पहिल्यावर भरवसा नाही म्हणून. मूळचे नांदूरघाटचे. वडिलांचं, सिद्रामअप्पांचं, तिथं भुसाराचं दुकान होतं. ज्वारीची पोती उतरली की अप्पा एक टोकदार लोखंडी नळी पोत्यात तीन ठिकाणी खुपसायचे आणि आतले दाणे तळहातावर घेऊन बघायचे. सर सहा-सात वर्षांचे असताना अप्पांनी त्यांच्या हातात ती नळी दिली आणि सांगितलं, "वरची ज्वारी दाखवायला असती. इकायला आतली असती." पुढं दुकान थोरल्या भावाकडे गेलं, सर शिकून कॉलेजात आले, पण आत खुपसून बघायची खोड काही गेली नाही.

गळ्यात इष्टलिंग असायचं. सहकारी चेष्टेनं म्हणायचे, "सर, देवावर तरी शंका न्हाई ना?" सर गंभीरपणे सांगायचे, "रोज सकाळी तळहातावर घेऊन बगतो. मंगच गळ्यात घालतो." वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा नारायणगडाच्या यात्रेला जाऊन आल्या. नवस फेडायला आलेल्यांची केवढी रांग होती ते सांगत होत्या. मी तिथंच बसले होते. सर म्हणाले, "ज्यांना पावलं ते रांगेत हुते. ज्यांना न्हाई पावलं ते कुठं उभे हुते?" वहिनींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "ते घरी बसून तुमच्यावानी बोलत असतील." सरांनी यावर बराच वेळ विचार केला. मला वाटतं, त्या घरात खरी शास्त्रज्ञ वहिनीच होत्या.

मी तेलगावची. एम.एस्सी. झाले, बीडला सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केला आणि तासिका तत्त्वावर त्या कॉलेजात लागले. तेव्हा कॉम्प्युटरचं पेवच फुटलं होतं. काल जिथं पिठाची गिरणी होती तिथं आज क्लासची पाटी, बाजूला पिवळ्या रंगाचं एसटीडी बूथ. आमच्या कॉलेजालाही अनुदानातून एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याला वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि किल्ली शेटे सरांकडे. पहिल्या खंडेनवमीला शिपायानं भक्तीनं त्याची पूजा केली आणि फ्लॉपी घालायच्या फटीत चिमूटभर कुंकू सोडलं, तेव्हापासून किल्ली सरांकडे.

लागून पंधरा दिवस झाले नसतील, सरांनी मला त्या खोलीत बोलावलं. मला पहिली शंका आली ती त्यांचीच. वयानं पंचेचाळिशीपुढचा माणूस, बंद खोली, पडदे, आणि मी नवी. गेले तर दार सताड उघडं, खाली वीट लावलेली. सर म्हणाले, "वीट राहू द्या. लोकांना शंका यायला जागा ठिवायची न्हाई. मला त्यातलं कळतं."

त्यांनी एक कागद दिला. त्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. ए, टी, जी, सी, एवढीच चार, उलटसुलट, कुठं मोकळी जागा नाही. "हे टाइप करा," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाराव्या-तेराव्या ओळीत एक पी आला. मी थांबले. "सर, इथं पी आहे. यात पी असायला नको ना?"

सर वळले. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. "तीन जनांनी टाइप केला ह्यो कागद. तिघांनीबी पी छापला. तुमी बगता, मॅडम. लोक छापतात नुसते." पी त्यांनीच घातला होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

ते काम म्हणजे सरांची पीएचडी. मी आले तेव्हा पाच-सहा वर्षं चाललेली. त्यांनी मला समजावलं ते असं. ज्वारीच्या ताटाच्या पानात, मुळात, कणसात, प्रत्येक पेशीत तोच एक लांबलचक मजकूर असतो, या चार अक्षरांनी लिहिलेला. त्यात मधे मधे जनुकं असतात, म्हणजे पेशीनं काय बनवायचं त्याच्या कृती. मजकूर सगळीकडे एकच, तर मग पान हे पान का होतं आणि मूळ हे मूळ का? कारण पानात काही जनुकं चालू असतात, मुळात दुसरी. आणि त्यांना चालू-बंद करणारी बटणं त्याच मजकुरात, जनुकाच्या आसपास, त्याच चार अक्षरांत दडलेली असतात. इथं बटण आहे असं कुठं लिहिलेलं नसतं.

जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं खपून काही बटणं शोधली होती. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे चार सूक्ष्मदर्शकं आणि एक गळकं बेसिन. सरांचं म्हणणं असं की सापडलेल्या बटणांच्या अक्षरांत काही एक सवय असणार. सहा-सहा अक्षरांचे तुकडे पाडले तर काही तुकडे बटणांत जास्त येतात, बाकी मजकुरात कमी. कॉम्प्युटरला ते मोजायला शिकवायचं. मग त्यानं कधी न पाहिलेला मजकूर पुढं ठेवून विचारायचं, यात कामाला लागलेलं बटण कुठं आहे ते सांग. तालुक्याच्या गावात बसून, वीज असेल तेव्हा, एका माणसानं हे करायला घेतलं होतं.

त्यासाठी दोन याद्या होत्या. ज्यांवरून कॉम्प्युटर शिकणार ती शिकवणीची यादी. ज्यांवर त्याला तपासायचं ती परीक्षेची. "शिकवनीत सोडीवलेलं गनित पेपरात आलं, तर पोराला गनित येतं म्हनायचं न्हाई," सर म्हणाले. "पाठांतर येतं म्हनायचं." म्हणून शिकवणीची यादी त्यांनी स्वतः केली, पुण्याहून आलेल्या फ्लॉप्यांवरून. परीक्षेची मी, औरंगाबादला ग्रंथालयात जाऊन नियतकालिकांच्या झेरॉक्स आणून. दोन कपाटं, दोन कुलपं. त्यांनी माझी यादी बघायची नाही, मी त्यांची नाही. "मानसाचा डोळा लई लबाड. त्याला जे सोपं वाटतं तेच त्यो निवडतो. माझाबी, तुमचाबी." तीन वर्षं आम्ही हे पाळलं. तपासणी असली की मी माझी फ्लॉपी घालायची आणि सरांनी तोंड फिरवून उभं राहायचं.

एवढ्यावर भागतंय होय. सरांना कॉम्प्युटरवरही संशय. त्यांचं म्हणणं, बटणाचा मजकूर दिला की तो बटण आहे म्हणतो, ठीक. पण तीच अक्षरं पत्त्यांसारखी पिसून दिली तर? अक्षरं तेवढीच, क्रम मोडलेला, म्हणजे बटण राहिलंच नाही. त्यावरही तो बटण आहे म्हणाला तर त्याला काही कळत नाही, नुसती मान हलवायची सवय आहे. कल्पना चांगली होती. अक्षरं पिसायचं काम आम्ही कॉम्प्युटरलाच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सर दोन छापील कागद घेऊन माझ्यापुढे बसले. सोमवारची पिसणी आणि बुधवारची पिसणी अक्षर न अक्षर सारखी होती. यंत्र बंद करून चालू केलं की ते तोच क्रम पुन्हा काढत होतं. एका आज्ञेनं हे दुरुस्त होतं, क्लासमध्ये शिकवलं होतं मला, मी सांगितलंही. सर म्हणाले, "एकदा खोटं बोललाय त्यो."

मग चिंचोके आले. वहिनींनी चिंच फोडून ठेवली होती, त्यातले दोन-तीनशे चिंचोके सरांनी धुऊन वाळवले आणि त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं चार अक्षरं काढली. बटणात जितकी ए तितके ए-चे चिंचोके डब्यात, तसंच बाकीच्यांचं. डबा हलवायचा, सरांनी डोळे मिटून एकेक चिंचोका काढायचा, अक्षर वाचून सांगायचं आणि मी टाइप करायचं. एका बटणाला अर्धा तास लागायचा. पहिल्या वर्षी कॉम्प्युटरनं चिंचोक्यांतही अर्ध्याच्या वर बटणं काढून दाखवली. सर खूश झाले. "बगा, मी म्हनलो हुतो."

हा प्रकार एकदा शिपायानं उघड्या दारातून पाहिला. डोळे मिटलेले सर, खुणा केलेले चिंचोके, समोर मॅडम, आणि पिनांच्या छपाईयंत्रातून कर्रकर्र निघणारे लांबच लांब कागद. संस्थेची निवडणूक जवळ आली होती. चार दिवसांत गावात दोन मतं झाली. एक, शेटे सर करणी करतात. दोन, ते सांकेतिक भाषेत कुणाविरुद्ध तरी फाइल तयार करतायत. संस्थेचे सचिव स्वतः चौकशीला आले. प्राचार्य त्यांच्या मागे घाम पुसत उभे.

सचिवांनी एक कागद उचलला. "ह्याच्यात कुनाकुनाची नावं हायत सर?"

मला वाटलं सर चिडतील. सरांचा चेहरा उजळला. "शंका बरोबर हाय तुमची," ते म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मलाबी आली असती. बसा." आणि त्यांनी पेशीपासून सुरुवात केली. पाऊण तासानं प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. दीड तासानं सरांनी डबा सचिवांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "माझ्यावर इश्वास ठिवू नका. तुमीच काढा. डोळे मिटून." सचिवांनी डोळे मिटले. टी, सी, सी, ए असं करत त्यांनी चाळीसएक चिंचोके काढले, मी टाइप करत गेले. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा ते सुटले. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "मानूस बिनधोक हाय बे. पन पुन्यांदा मला हिकडं आनू नको."

त्यानंतर दोन वर्षं सर तुकडे बदलत राहिले, मोजणी सुधारत राहिले. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती. त्या मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, नऊ वर्षं पाण्यात, आणि पुन्हा नोंदणी करायला मार्गदर्शक तरी कुठे होते, ते निवृत्त होऊन मुलाकडे निघाले होते. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, पण वहिनी रोज सांगायच्या. "हे झालं तर झालं बगा. न्हाई तर ह्या मानसाला मी वळकते, त्यो मनातल्या मनात झुरंल."

जानेवारीत एका दुपारी तपासणी केली आणि कॉम्प्युटरनं माझ्या यादीतली अठ्ठावीसपैकी पंचवीस बटणं बरोबर सांगितली. चिंचोक्यांत फक्त दोनदा फसला. सरांनी पुन्हा करायला लावलं. तेच. तिसऱ्यांदा करायला लावलं. तेच. मग ते कँटीनमध्ये गेले आणि चहा आला तसा पिऊन टाकला. महादू मला हळूच म्हणाला, "मॅडम, सरांची तब्येत बरी हाय ना?"

आता पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात प्रबंधाची परिशिष्टं टाइप करायची होती. परिशिष्टात दोन्ही याद्या. सरांनी त्यांच्या कपाटाचं कुलूप काढून शिकवणीची यादी पहिल्यांदाच माझ्या हातात दिली आणि ते तास घ्यायला गेले. चौथ्या पानावर माझी बोटं आपोआप पुढं पळायला लागली. कागदाकडे न बघता मी पुढची अक्षरं टाइप करत होते. ती मला पाठ होती. तीन वर्षांपूर्वी औरंगाबादच्या झेरॉक्सवरून मीच ती टाइप केली होती, वेगळ्या नावाखाली.

माझे वडील ऊसतोडीचे मुकादम. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात, आणि दिवाळीआधी मुकादम कोयत्यांच्या याद्या करतात. एकच कोयता दोन मुकादमांच्या यादीत असणं यात आम्हाला नवल नाही. इकडे नवऱ्याचं पाळण्यातलं नाव, तिकडे हाक मारायचं. दोन्ही मुकादम आपापली यादी खरी मानतात, कारण कुणी कुणाला आपली यादी दाखवत नाही. इथंही तेच झालं होतं. एकाच जनुकावर दोन प्रयोगशाळांनी काम केलं, दोघींनी आपापली नावं दिली. एक नाव फ्लॉपीतून सरांकडे आलं, दुसरं छापील पानातून माझ्याकडे. दोन कपाटांना दोन कुलपं होती म्हणून तीन वर्षांत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सरांची सगळी खबरदारीच ते ध्यानात येण्याच्या आड आली होती.

मी संध्याकाळपर्यंत मोजलं. अठ्ठावीसपैकी अकरा. कॉम्प्युटरनं ओळखलं नव्हतं, पाठ म्हणून दाखवलं होतं.

सर तासावरून आले. "झालं का मॅडम?"

"होत आलंय," मी म्हटलं.

मी का बोलले नाही? मुदत संपायला अठरा दिवस होते. नव्यानं यादी करायची म्हणजे वर्ष. सांगितलं असतं तर सरांनी प्रबंध दिला नसता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. वहिनींचा चेहरा डोळ्यापुढे येत होता. शिवाय दुसरंही एक होतं, आणि ते जास्त खरं असेल. मला भीती वाटत होती की सर माझ्याकडे बघून विचारतील, तुमची यादी, तुम्हाला कळलं कसं नाही? त्या माणसानं जगात एकट्या माझ्यावर भरवसा टाकला होता, तो मला घालवायचा नव्हता. मी स्वतःला समजावलं की बाहेरचे परीक्षक मोठे लोक, त्यांना दिसेलच. प्रबंध बांधून गेला. दोन्ही परीक्षकांनी स्तुत्य म्हणून शेरा मारला. कुणी परिशिष्ट उघडून बघितलंसुद्धा नसावं. तोंडी परीक्षेची तारीख लागली.

तारखेला आठ दिवस असताना मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले तर सगळे पडदे बाजूला सारलेले होते. सर खिडकीच्या काचेशी उभे. छापील कागदाच्या एकेका ओळीच्या पट्ट्या त्यांनी कापल्या होत्या आणि दोन पट्ट्या एकावर एक ठेवून उजेडाला धरल्या होत्या. मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत बरोबर बसत होती.

"मॅडम, हे बगा. ह्या पट्टीचं नाव येगळं, हिचं येगळं. अक्षरं तीच. पाच-सात अक्षरांचा फरक, त्यो छापनाऱ्याचा."

"अशा किती आहेत?" मी विचारलं. मला आकडा ठाऊक होता, तरी विचारलं.

"अकरा सापडल्या. अजून बगतोय."

अकराच्या वर एकही नव्हती, हे मला माहीत होतं. सर दोन दिवस पट्ट्या कापून उरलेल्या सतरा काचेला लावून बघत राहिले. मी शेजारी उभी राहून पट्ट्या हातात देत होते. याची मला आजही लाज वाटते.

"तुम्हाला कसं सुचलं बघायचं?" मी विचारलं.

"लई चांगलं आलं हुतं ना," सर म्हणाले. "जानेवारीपासून झोप न्हाई. चिंचोके तपासले, यंत्र तपासलं, माझी मोजनी तपासली. याद्यांवर शक घेतला न्हाई, कावून की त्या आपन दोघांनी केल्या हुत्या."

त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं की प्रबंधातला निष्कर्ष चुकीच्या तपासणीवर उभा आहे, तो मी परत घेतो. प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. "अहो शेटे, परीक्षकांनी पास केलंय. आता कशाला आपल्या हातानं काडी घालता? कुनाला कळनार हाय?" सर म्हणाले, "मला कळलंय की." प्राचार्यांना हे उत्तर वाटलं नाही, ते आणखी थोडा वेळ थांबले. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "मंग आता किती वर्सं?" सर म्हणाले, "आता मुदत न्हाई." वहिनी आत गेल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. मी तिथं फार वेळ थांबू शकले नाही.

ती अकरा दोन्ही याद्यांतून काढली, कॉम्प्युटरला पहिल्यापासून पुन्हा शिकवलं आणि उरलेल्यांवर तपासलं, तर तो नुसत्या अंदाजापेक्षा थोडा बरा होता. थोडासाच. सरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला. खरा आकडा होता, म्हणाले.

गावानं मात्र यातलं काही खरं मानलं नाही. कुणी आपणहून पीएचडी परत करतं, यावर कोण विश्वास ठेवणार? स्टाफरूममध्ये ठरलं की प्रबंध कुणाचा तरी चोरलेला होता, पकडला जायची वेळ आली म्हणून मागे घेतला. एक जण मला म्हणाला, "तुमी तर आतल्या. खरं काय ते सांगा की." मी म्हटलं, खरं तेच आहे जे सर सांगतात. तो हसला. सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "त्यांच्याकडं काय दाखला हाय माझ्या बाजूचा? न्हाईच की."

पुढच्या जूनमध्ये मला लातूरकडच्या एका कॉलेजात कायमची जागा मिळाली. त्या मुलाखतीत माझ्या याद्यांचं, माझ्या नीटनेटक्या कामाचं कौतुक झालं, कारण सरांनी तसं पत्र दिलं होतं. निघायच्या दिवशी ते लुनावरून स्टँडवर आले. वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीत होती. गाडी लागलेली होती. ट्रंक वर टाकून झाली. सर इकडचं तिकडचं बोलले, मग खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? रागावनार न्हाई ना?"

"विचारा सर."

"परिशिष्ट तुमी टाइप केलतं. दोनी याद्या तुमच्या हातात हुत्या. तवा तुमच्या ध्यानात आलं न्हवतं ना?"

त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"नाही सर."

त्यांनी श्वास सोडला. त्यांच्या खांद्यांवरून काही उतरल्यासारखं मला दिसलं. "माफ करा," ते म्हणाले. "आठ-धा दिवस मनात हुतं. तुमच्यावर शंका घ्यायला नको हुती मी." आणि त्या माणसानं, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसानं, माझ्यापुढे हात जोडले. मीही जोडले.

ते वळून लुनाकडे गेले. ती सुरू होईना. स्टँडच्या फाटकाशी थांबून ते पायडल मारत राहिले, उन्हात, पाठमोरे. गाडी सुटायला अजून पाच मिनिटं होती. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती.